निवडणूक अधिकाऱ्यांचे हितसंबंध

निवडणूक अधिकाऱ्यांचे हितसंबंध : मतमोजणी पूर्ण करून निवडणुकीचा निकाल अधिकृतपणे जाहीर करणाऱ्या व तो प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचा त्या निकालात वैयक्तिक, कौटुंबिक, आर्थिक वा राजकीय स्वरूपाचा लाभ-हानीचा संबंध असू नये, यासाठी केलेल्या विधिनियमांचा व प्रशासकीय निर्देशांचा समुच्चय. भारतात निकाल जाहीर करण्याचे काम निवडणूक निर्णय अधिकारी करतो. मतदान केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, मतमोजणी पर्यवेक्षक व साहाय्यक हे त्याच्या हाताखाली काम करतात. संसद व राज्य विधिमंडळ यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोगाच्या आणि पंचायती व नगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली होतात. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम करणारा कर्मचारीवर्ग मात्र बहुतांशी एकच, म्हणजे शासनाचा व स्थानिक संस्थांचा असतो. हितसंबंधांचा प्रश्न मुख्यतः या वस्तुस्थितीतून उद्‌भवतो.

संकल्पना : स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश असू नये, हे नैसर्गिक न्यायाचे मूलतत्त्व आहे. प्रारंभी हे तत्त्व न्यायालयांपुरते मर्यादित मानले जात असे. क्रैपाक विरुद्ध भारत संघराज्य या १९६९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते प्रशासकीय निर्णयांनाही लागू केले. त्या प्रकरणात भारतीय वनसेवेसाठी उमेदवार असलेला एक अधिकारी निवड मंडळाचाही सदस्य होता. स्वतःच्या नावाचा विचार होत असताना तो बैठकीत बसला नव्हता. तथापि प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या विचारात त्याने भाग घेतला होता. पक्षपात प्रत्यक्ष झाला की नाही हे सिद्ध करणे कठीण असते. म्हणून पक्षपाताची वाजवी शक्यता होती किंवा काय, एवढेच पाहणे पुरेसे आहे, असे न्यायालयाने मानले व ती निवड रद्द केली. निवडणूक अधिकाऱ्यांविषयीचे नियम याच विचारावर आधारलेले आहेत. अधिकाऱ्याने अन्याय केला, असे हे नियम गृहीत धरत नाहीत. अन्यायाची शंका घेण्यास जागा राहू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे काम केवळ बेरजेचे नाही. नामनिर्देशनपत्रांची छाननी, आक्षेपांवरील निर्णय, माघारीच्या सूचनांची स्वीकृती, चिन्हांचे वाटप, टपाली मतपत्रिकांची ग्राह्याग्राह्यता, फेरमतमोजणीच्या अर्जावरील निर्णय आणि अखेर निकालाची घोषणा, असे त्याच्या कामाचे टप्पे आहेत. यांपैकी अनेक टप्प्यांवर त्याला स्वतःचा विवेक वापरावा लागतो. मताधिक्य मोठे असेल, तर या निर्णयांकडे फारसे लक्ष जात नाही. ते अल्प असेल, तर प्रत्येक निर्णय निर्णायक ठरतो. मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात ४ जून २०२४ रोजी विजयी व पराभूत उमेदवारांत अवघ्या ४८ मतांचे अंतर होते. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग क्र. २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली व निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. इंग्लंडमध्ये पूर्वी समान मतांच्या प्रसंगी निर्णय अधिकाऱ्याला निर्णायक मत देता येत असे. भारतीय कायद्याने ही मुभा ठेवली नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६५ नुसार अशा वेळी चिठ्ठीनेच निर्णय होतो. अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत पसंतीला वाव राहू नये, हा या तरतुदीचा परिणाम होय.

विधानसभा व लोकसभा निवडणुकांतील तरतुदी : १९५१ च्या अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी हा शासनाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा अधिकारी असावा लागतो. राजकीय पक्षाचा पदाधिकारी वा लोकनिर्वाचित प्रतिनिधी या पदावर येऊ शकत नाही, हा या तरतुदीचा पहिला अर्थ. कलम २६ नुसार ज्या व्यक्तीने त्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराकडे नोकरी केली आहे किंवा त्याच्यासाठी अन्य प्रकारे काम केले आहे, तिला मतदान केंद्राध्यक्ष वा मतदान अधिकारी म्हणून नेमता येत नाही. कलम १२९ अन्वये निवडणूक कामातील अधिकारी व कर्मचारी यांनी स्वतःचे मत देण्याखेरीज कोणत्याही उमेदवाराच्या यशाला पोषक असे कृत्य करणे हा अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मत देण्यास वा न देण्यास कोणाचे मन वळविण्याची बंदी पोलिसांनाही लागू आहे. कलम १३४ कर्तव्यात केलेल्या कसुरीसंबंधी असून कलम १३४ अ नुसार शासकीय सेवकाला उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करता येत नाही.

उमेदवाराने आपल्या यशासाठी शासकीय सेवकांचे साहाय्य घेणे, हा कलम १२३ (७) खाली भ्रष्ट आचार ठरतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द केली, ती याच कलमाच्या आधारे. पुढे दुरुस्त केलेल्या कायद्यानुसार सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७५ मध्ये ती निवड वैध ठरविली. अशा रीतीने कायद्याने एकाच संबंधाच्या दोन्ही टोकांना बंधन घातले आहे : अधिकाऱ्याने साहाय्य देऊ नये व उमेदवाराने ते घेऊ नये.

अधिकाऱ्याची सेवा शासनाकडे असल्याने त्याच्या बदल्या, बढत्या व शिस्तभंगाची कारवाई सत्तारूढ पक्षाच्या हाती राहते. हा हितसंबंध व्यक्तीचा नसून रचनेचा आहे. त्यावर उपाय म्हणून अधिनियमात कलम २८ अ घालण्यात आले. त्यानुसार निवडणुकीच्या अधिसूचनेपासून निकालाच्या घोषणेपर्यंत निर्णय अधिकारी व अन्य कर्मचारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि त्या काळात ते आयोगाच्या नियंत्रणाखाली व शिस्तीखाली असतात. १९९६ मध्ये कलम २० ब द्वारे निवडणूक निरीक्षकांना वैधानिक स्थान मिळाले. मतदान केंद्र बळकावणे, मतपत्रिका बेकायदेशीरपणे नेणे वा नष्ट करणे यांसारख्या प्रसंगी मतमोजणी थांबविण्याचा किंवा निकाल जाहीर न करण्याचा निर्देश निरीक्षक निर्णय अधिकाऱ्याला देऊ शकतो.

कायद्यातील या तरतुदींना आयोगाच्या निर्देशांची जोड आहे. निवडणुकीशी थेट संबंध असलेला अधिकारी स्वतःच्या गृहजिल्ह्यात नेमलेला नसावा व त्याने मागील चार वर्षांपैकी तीन वर्षे त्याच जिल्ह्यात काढलेली नसावीत, असा बदल्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. नामनिर्देशनपत्रे भरण्याची मुदत संपल्यापासून दोन दिवसांच्या आत निवडणूक कामातील अधिकाऱ्याला घोषणापत्र द्यावे लागते. आपण निवडणूक लढविणाऱ्या कोणत्याही उमेदवाराचे किंवा राज्यातील वा जिल्ह्यातील प्रमुख राजकीय पुढाऱ्याचे निकटचे नातेवाईक नाही आणि आपल्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित नाही, असा त्याचा आशय असतो. मतदान व मतमोजणी पथकांची नेमणूक संगणकाच्या साहाय्याने यादृच्छिक पद्धतीने केली जाते; त्यामुळे कोणता कर्मचारी कोणत्या मेजावर बसणार, हे आधी कोणालाही निश्चित कळत नाही. मेजावर पर्यवेक्षक व साहाय्यक यांच्याबरोबर एक सूक्ष्म निरीक्षकही असतो व उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मोजणी होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार शासकीय कर्मचाऱ्याने राजकीय पक्षाचे सदस्य होणे व निवडणुकीत प्रचार करणे निषिद्ध आहे. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हाही प्रभाव वापरण्याचा प्रकार समजला जातो.

स्थानिक संस्थांच्या निवडणुका : संविधानाच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्ये अंमलात आल्या. त्यांतील अनुच्छेद २४३ ट व २४३ य क यांनुसार पंचायती व नगरपालिका यांच्या मतदार याद्या तयार करणे व निवडणुका घेणे ही कामे राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविण्यात आली. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. राज्य निवडणूक आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने व ज्या कारणांसाठी दूर करता येते, त्याच पद्धतीने दूर करता येते. कर्मचारीवर्ग मात्र राज्यपालाने, म्हणजे व्यवहारतः राज्य शासनाने, उपलब्ध करून द्यावयाचा असतो.

आयुक्ताच्याच बाबतीत हितसंबंधांचा प्रश्न गोव्यात उपस्थित झाला. तेथे राज्य शासनाच्या सेवेत असलेल्या विधी सचिवाकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे व केपे या नगरपालिकांतील प्रभागांच्या आरक्षणावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी निर्णय दिला. शासनात पद धारण करणाऱ्या व्यक्तीकडे हे काम सोपविणे संविधानाच्या हेतूशी विसंगत असून राज्य निवडणूक आयुक्त हा शासनापासून स्वतंत्र असलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. हा दंडक सर्व राज्यांना लागू आहे.

महानगरपालिकांच्या निवडणुका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (१९४९) व त्याखालील नियम यांप्रमाणे होतात. निर्णय अधिकारी म्हणून सामान्यतः महसूल विभागातील उपजिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी नेमले जातात. महापालिकेचे अधिकारी व कर्मचारी त्यांना साहाय्य करतात. निकालाची घोषणा महापालिकेच्या सेवेबाहेरील अधिकाऱ्याने करणे, हा येथील महत्त्वाचा संरक्षक उपाय होय; कारण निवडून येणारा सदस्य उद्या महापालिकेच्या सभागृहात बसून त्याच कर्मचाऱ्यांच्या कामाचा जाब विचारणार असतो. लोकसभेच्या निवडणुकीत मतदान कर्मचारी व विजयी उमेदवार यांची पुन्हा गाठ पडण्याचा संभव थोडा. प्रभागात ती रोजची बाब असते.

तळवलीचे उदाहरण : स्थानिक पातळीवर हा प्रश्न किती निकटचा होतो, हे नवी मुंबईतील तळवली या गावावरून स्पष्ट होते. ठाणे तालुक्यातील हे गाव घणसोली व रबाळे यांच्या परिसरात असून नवी मुंबईच्या उभारणीसाठी ज्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांपैकी ते एक आहे. शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना १९७० मध्ये झाली. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला व तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९५ मध्ये झाली. विधानसभेसाठी हे गाव ऐरोली मतदारसंघात व लोकसभेसाठी ठाणे मतदारसंघात मोडते. त्यामुळे येथील एकच मतदार दोन आयोगांच्या व दोन भिन्न अधिनियमांच्या कक्षेत येतो.

आगरी-कोळी वस्तीच्या अशा जुन्या गावठाणात भावकी व सोयरीक यांचे जाळे दाट असते. लगतच्या गावांशीही विवाहसंबंधांनी नाती जुळलेली असतात. प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील अनेक जण महापालिका, सिडको व अन्य सार्वजनिक संस्था यांच्या सेवेत आहेत. नियमांतील ‘निकटचा नातेवाईक’ हा शब्दप्रयोग अशा समाजाला लावताना अडचण येते. सख्खा भाऊ निःसंशय निकटचा. पण चुलत चुलत्याचा मुलगा, मेहुण्याचा भाऊ किंवा एकाच भावकीतील घर यांना कोठे बसवावे, हे शब्दांतून ठरत नाही. घोषणापत्रात खोटे न लिहिताही एखादा कर्मचारी उमेदवाराच्या घराशी बांधलेला असू शकतो. याउलट केवळ आडनाव एक असल्यामुळे एखाद्या प्रामाणिक कर्मचाऱ्यावर संशय घेतला जाण्याचाही संभव असतो.

दुसरी अडचण जमीन व घरे यांची आहे. गावठाणांभोवती गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न दीर्घकाळ चालला आहे. महानगरपालिका अधिनियमात अनधिकृत बांधकाम हे सदस्याच्या निरर्हतेचे एक कारण आहे. तसेच महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हेही निरर्हतेचे कारण ठरते. बांधकामाची नोटीस, मालमत्ताकराची थकबाकी व कंत्राटाची नोंद यांविषयीची कागदपत्रे विभाग कार्यालयात असतात. छाननीच्या वेळी उमेदवाराच्या पात्रतेवर आक्षेप आला, तर याच कार्यालयातून माहिती मागवावी लागते. ती माहिती देणारा कर्मचारी निकाल जाहीर करीत नाही. तथापि कोण रिंगणात राहणार, यावर त्याच्या कागदाचा परिणाम होतो. म्हणून हितसंबंधांचे नियम केवळ घोषणा करणाऱ्या अधिकाऱ्यापुरते ठेवून भागत नाही.

विधानसभेच्या निवडणुकीत मतदान कर्मचाऱ्याला तो राहतो किंवा नोकरी करतो त्या मतदारसंघात न नेमण्याची पद्धत आहे. ऐरोलीतील रहिवाशाला अन्य मतदारसंघात काम देणे जिल्हा प्रशासनाला शक्य असते. महापालिकेच्या प्रभागाचे क्षेत्र लहान व शहर एकसंध असल्याने तसे अंतर राखणे अधिक कठीण जाते. या अडचणीत २०२० नंतर आणखी एक भर पडली. नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली व पुढील निवडणूक होईपर्यंत आयुक्तांनीच प्रशासक म्हणून काम पाहिले. १११ जागांसाठीची सार्वत्रिक निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. ज्या प्रशासनाने सुमारे साडेपाच वर्षे लोकप्रतिनिधींविना कारभार केला, त्याच प्रशासनाला लोकप्रतिनिधी आणणाऱ्या निवडणुकीची प्रभागरचनेपासूनची पुष्कळशी सिद्धता करावी लागली. निवडणुका मुदतीत घेण्याची आवश्यकता या दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगी आहे.

नियमभंगाचे परिणाम : निकाल एकदा जाहीर झाला, की निर्णय अधिकाऱ्याचे काम संपते, त्याला तो स्वतः बदलता येत नाही. त्यानंतर निवडणूक याचिका हाच मार्ग उरतो. संसद व विधिमंडळ यांच्या बाबतीत ही याचिका ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. महानगरपालिकेच्या बाबतीत निवडून आलेल्यांची विहित यादी उपलब्ध झाल्यापासून १० दिवसांत अधिनियमात निर्देशिलेल्या न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. निवडणूक चालू असताना न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये, असे संविधानाचे धोरण आहे. शिवाय १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १०० नुसार नियमांचे पालन न होणे एवढेच पुरेसे नसून त्यामुळे निकालावर वास्तविक परिणाम झाला, असे दाखवावे लागते. अधिकारी उमेदवाराचा नातेवाईक होता, एवढे सिद्ध करून निवड सहसा रद्द होत नाही. नंतरचा उपाय असा अवघड असल्यामुळे आधीच्या प्रतिबंधक नियमांना विशेष महत्त्व आहे.

चंडीगढ महानगरपालिकेतील महापौरपदाच्या निवडणुकीत हा प्रश्न अत्यंत ठळक स्वरूपात पुढे आला. तेथे ३० जानेवारी २०२४ रोजी झालेल्या सभेचा पीठासीन अधिकारी स्वतः एका राजकीय पक्षाशी संबंधित असलेला नामनिर्देशित सदस्य होता. एकूण ३६ मतांपैकी ८ मते त्याने अवैध ठरविली व १६ विरुद्ध १२ असा निकाल जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२४ रोजी मतपत्रिका स्वतः पाहिल्या. अवैध ठरविलेली सर्व मते पराभूत घोषित केलेल्या उमेदवाराची असून पीठासीन अधिकाऱ्याने त्यांवर हेतुपुरस्सर खुणा केल्या, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने निकाल रद्द केला व त्या उमेदवारास विजयी घोषित केले. मतदार थोडे, मतपत्रिका उपलब्ध व चित्रीकरण झालेले, म्हणून येथे सत्य लवकर उघड झाले. मोठ्या मतदारसंघात अशी अनुकूलता क्वचितच लाभते.

अन्य देश : अमेरिकेत अनेक राज्यांत निवडणुकांचे प्रमुख अधिकारी पक्षीय निवडणुकीने येतात. फ्लॉरिडा राज्याच्या सचिव कॅथरिन हॅरिस या २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश यांच्या त्या राज्यातील प्रचारमोहिमेच्या सह-अध्यक्ष होत्या. २६ नोव्हेंबर २००० रोजी बुश यांचा ५३७ मतांनी विजय झाल्याचे त्यांनीच प्रमाणित केले. कायद्याने त्यास मनाई नव्हती. परंतु निकालाविषयीच्या वादाला त्यामुळे धार आली. त्याच राज्यात परगणा पातळीवर मतपडताळणी करणाऱ्या तीन सदस्यांच्या मंडळाचा नियम मात्र कडक आहे. सदस्य स्वतः प्रतिस्पर्धी असलेला उमेदवार असेल किंवा एखाद्या उमेदवाराच्या प्रचारात क्रियाशील असेल, तर त्याच्या जागी दुसरा सदस्य नेमला जातो. इंग्लंडमध्ये संसदीय निवडणुकीत शेरीफ किंवा महापौर यांच्याकडे हे पद नाममात्र असते व प्रत्यक्ष काम कार्यकारी निर्णय अधिकारी करतो. तो बहुधा स्थानिक परिषदेचा मुख्याधिकारी असतो. पण या कामापुरता तो परिषदेला नव्हे, तर कायद्याला जबाबदार असतो.

मूल्यमापन : भारतीय पद्धतीचे बळ तिच्या दोन गोष्टींत आहे : निकाल जाहीर करणारी व्यक्ती पक्षीय नसते आणि निवडणुकीच्या काळात ती शासनाच्या शिस्तीबाहेर असते. उणिवा प्रामुख्याने तीन आहेत. नातेसंबंधाची व्याख्या संदिग्ध आहे. घोषणापत्राची पडताळणी मुख्यतः तक्रारीवर अवलंबून असते. आणि माहिती पुरविणारे दुय्यम कर्मचारी नियमांच्या कक्षेत पुरेसे येत नाहीत. अधिकाऱ्याने संबंध स्वतःहून कळविणे, त्याला त्या प्रभागापुरते कामातून मुक्त करणे आणि तसे केल्याची नोंद उमेदवारांना पाहता येणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. संबंध कळविणे म्हणजे दोषाची कबुली, ही कर्मचाऱ्यांमधील समजूत मात्र दूर होणे आवश्यक आहे. लहान गावात नाते नसणे हे अपवादात्मक आहे. ते लपविणे हाच दोष होय. पराभूत उमेदवाराने व त्याच्या मतदारांनी निकाल मान्य करणे यावर स्थानिक स्वराज्य चालते आणि ती मान्यता निकाल जाहीर करणाऱ्याविषयीच्या विश्वासातून येते.